वाजला काय

दुसऱ्या वेचणीचे दिवस होते. सकाळी पऱ्हाटीवर दव असते तोवर कापूस ओला लागतो, म्हणून बाया शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून उन्हाची वाट पाहत. ऊन तापले की उठून आपापली पात, आपापली ओळ धरत. कमरेला ओटी बांधलेली, डोक्याला दुपट्टा, लुगड्यावरून नवऱ्याचा जुना शर्ट. बोंडातला कापूस बोटांनी ओढायचा, ओटीत टाकायचा, एक पाऊल पुढे सरकायचे. बोंडाच्या वाळल्या पाकळ्या नखांच्या कडेला लागत. दुपारी भाकरीबरोबर मीठ घेतले की बोटे झोंबत.

प्रभावतीची पात हंसाबाईच्या शेजारी असायची. बोरदरीत दोघींची घरेही एकाच भिंतीची. पलीकडच्या पातीत प्रभावतीची मुलगी साधना होती. पुसदच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन ती उन्हाळ्यातच घरी आली होती, आणि आता रविवार सोडून रोज आईबरोबर कामाला येत होती.

प्रभावती मध्येच उभी राहिली. हात बोंडावरच राहिला. मान एका बाजूला झाली.

"वाजला काय व?"

"नाही वाजला," हंसाबाई वाकल्या वाकल्या म्हणाली.

"मले वाजल्यासारखा वाटला."

"टिटवी हाय थे, नाल्यातली. नाही वाजला, प्रभावती."

मागच्या पातीतून कांताबाईनेही तेच म्हटले. प्रभावती अजून थोडा वेळ उभी राहिली. मग वाकली.

खुशी म्हणून एक सून नुकतीच लग्न होऊन गावात आली होती. दुपारी भाकरी खायला बसल्यावर, प्रभावती कळशी घेऊन विहिरीकडे गेली तेव्हा तिने विचारले, "काकू, काय वाजलं म्हनत होत्या त्या?"

"फोन," कांताबाई म्हणाली. "तिचा पोट्टा होता, इंद्रजित. आयटीआय करून पुण्याकडे कंपनीत लागला होता. तापानं गेला. खोलीतले सारे पाळीवर गेलते. हा एकटाच. घरी फोन लावला म्हनते त्यानं, पन इकडे वाजलाच नाही. रेंज नसन. तवापासून तिले असं होते."

"मंग तुमी साऱ्या नाही वाजला काहून म्हनता?"

"नाही वाजला म्हनलं का ती वाकते. कोनी बोललंच नाही तं उभीच राह्यते. एकदा ऊन उतरेपर्यंत उभी होती."

साधना डबा धुवायला उठली. डब्यात धुण्यासारखे काही नव्हते.

पुसदला रविवारी दुपारी सुरभी मॅडम मुलांना बोलवायच्या. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. रविवारच्या वर्गाला पुस्तक नव्हते. ज्यांच्या घरी अजून कोणी ऑफिसची पायरी चढले नाही, अशी मुले तिथे येत. मुलाखतीच्या खोलीत गेल्यावर हात कुठे ठेवायचे, एखादी गोष्ट येत नसली तर येत नाही हे कसे सांगायचे, पगाराचे विचारले तर जमिनीकडे कसे पाहायचे नाही, हे त्या शिकवायच्या. त्यांचे वडील महागावच्या बाजारात हमाली करायचे.

"मी पहिल्या मुलाखतीला खुर्चीच्या अगदी काठावर बसले," त्या सांगायच्या. "एवढ्या काठावर की खुर्ची उलटली. तुम्ही पूर्ण बसा. खुर्ची कंपनीची आहे, झिजली तरी त्यांची."

त्या रविवारी फोनवर बोलायचा सराव होता. पुण्याच्या एका औषध कंपनीने कॉलेजात येऊन लेखी परीक्षा घेतली होती. त्यात साधना आणि वर्गातला नयन पास झाले होते. आता कंपनीचा फोन येणार होता. फोनवरच मुलाखत होती. जो चांगला बोलेल त्याला लॅबमध्ये घेणार होते.

मॅडम शेजारच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि तिथून फोन लावला. बाकावर ठेवलेला साधनाचा फोन वाजला. तो एरवी मुका असायचा, मॅडमनीच त्याचा आवाज चालू करून ठेवला होता. घंटी वाजत राहिली. साधना फोनकडे पाहत होती. हात मांडीवर होते. ते उठले नाहीत.

"मॅडम," नयन ओरडला, "हिनं शोभेचा फोन आणला."

मुले हसली. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. फोन अजून वाजतच होता. त्यांनी आपल्या हातातला बंद केला. वर्ग सुटल्यावर त्यांनी साधनाला थांबवले.

"तुला उत्तरं येतात. मग हात का उचलत नाहीस?"

"आमच्या घरी फोन वाजत नाही, मॅडम."

"म्हणजे?"

"आवाज बंद असतो. बाबांचाही, माझाही. दादा गेल्यापासून. आईला सहन होत नाही."

मॅडमनी पुढे विचारले नाही. साधनाने पुढे सांगितले नाही.

पुढचे असे होते. त्या काळी फोनला पैसे पडायचे. उचलला की लावणाऱ्याचे पैसे कटायचे. म्हणून गावातून बाहेर गेलेली सगळी पोरे घरी नुसता मिस कॉल देत. इंद्रजितने जाताना आईला शिकवले होते, "एकदा वाजून बंद झाला का समज, मी जेवलो, बरा हाओ. उचलू नको. माह्ये पैसे कटतात." रोज दिवेलागणीला घरातला बटनाचा फोन एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. प्रभावती परातीवरून हात न काढता म्हणायची, "जेवला माहा लेक." मग बाकीचे जेवत.

त्या दिवशी दिवेलागणीला फोन वाजला आणि बंद झालाच नाही. प्रभावतीचा नवरा श्रावण बाजाराला गेला होता. घरात मायलेकीच होत्या. पुरी घंटी होऊन फोन थांबला, परत वाजू लागला. प्रभावती भाकरी थापता थापता हसली. "आज लय लाडात आला," म्हणाली. साधना तेव्हा शाळेत होती. ती उठून फोनकडे गेली. आईने पीठ भरल्या हाताने तिच्या हातावर मारले. "नको हात लावू. दादाचे पैसे कटतात." फोन थांबला, पुन्हा वाजला. साधना हातावरचे पीठ झाडत तिथेच उभी राहिली. मग तो वाजायचा बंद झाला.

सकाळी इंद्रजितच्या खोलीतल्या पोराचा निरोप शेतमालक सदाशिवरावांच्या फोनवर आला. श्रावण उन्हात बसून म्हणाला, "एवढं झालं आन् त्यानं घरी फोन कसा नाही लावला? लावला असंन. रेंज नसन. नसन वाजला." प्रभावती म्हणाली, "व्हय. नाही वाजला."

त्या शब्दावर घर इतकी वर्षे उभे होते. मायलेकी त्यावर एकमेकींशीही बोलल्या नव्हत्या.

दोन दिवसांनी सुरभी मॅडम स्कूटी घेऊन बोरदरीला आल्या. श्रावणने जयभीम केला आणि प्लास्टिकची खुर्ची गमछाने पुसली. घर एका खोलीचे, वर टिनाचे पत्रे. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली इंद्रजितचा. आयटीआयच्या निळ्या कपड्यातला. प्रभावतीने चहा ठेवला आणि चुलीजवळच बसली.

"पोरगी हुशार आहे," मॅडम म्हणाल्या. "तिच्या हाताला चव आहे. लॅबमध्ये दुसऱ्यांचं काम बिघडतं, तिचं नाही बिघडत."

"भाजीले नाही चव तिच्या हाताले," प्रभावती म्हणाली.

श्रावण हसला. मॅडमही हसल्या. प्रभावती हसली नाही.

"आई, या आठवड्यात कंपनीचा फोन येईल. तेवढे दिवस तिच्या फोनचा आवाज चालू ठेवा. कंपनीवाले पुन्हा पुन्हा लावत नाहीत. उचलला नाही की दुसऱ्याला घेतात."

"घेऊ द्या दुसऱ्याले."

"असं कसं म्हणता?"

प्रभावतीने कप पुढे केला. "तुमी चांगल्या हा, बाई. घरापर्यंत आल्या. पन आमच्या पोराले धाडलं थो मास्तरबी चांगलाच होता. थोबी इथंच बसला होता. याच खुर्चीवर."

मॅडम खुर्चीत जराशा पुढे सरकल्या. मग पुन्हा मागे बसल्या. चहा पिऊन झाला तरी कप त्यांच्या हातातच होता.

"मी म्हणत नाही की काही होणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तसं मला म्हणता येत नाही. एवढं सांगते, ती एकटी नसेल. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आहेत तिथे. अर्पिता म्हणून आहे एक, तिच्या खोलीत जागा आहे. ती घ्यायला येईल."

"त्याच्याबी खोलीत लोक होते."

श्रावण म्हणाला, "अवं, मॅडम एवढ्या दुरून आल्या."

"मी कुठं नाही म्हनून राह्यलो? पन घंटी नाही. थरथरते थो, थरथरू द्या. वाजू नका देऊ."

मॅडम निघाल्या तेव्हा साधना त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेली. स्कूटी सुरू करता करता मॅडम म्हणाल्या, "आईवर रागावू नको. फोन हातात धरून ठेव. झोपतानाही."

साधनाने फोन हातात धरून ठेवला. पण एका हाताने कापूस वेचला जात नाही. बुधवारी ती दिवसभर मागे राहिली आणि तिची पात दुसऱ्या बायांनी पुरी केली. गुरुवारी हंसाबाई म्हणाली, "असं किती दिवस आम्ही तुही पात ओढावं व माय? हाताले मेंदी लागली काय?" मग तिने फोन ओटीत ठेवला, पोटाला लागून. थरथरला तर कळेल म्हणून. पण फोनवर कापूस पडत गेला आणि ओटी भरत गेली. ओटी भरली की पातीच्या तोंडाशी आपल्या फडक्यावर रिकामी करायची, पुन्हा पात धरायची. ही हाताची सवय झालेली असते. त्यात डोक्याचे काम नसते.

ऊन उतरल्यावर वजनाचा काटा लागला. रस्त्याच्या कडेला बाभळीच्या फांदीला सदाशिवरावांनी काटा टांगला होता. शेजारी ट्रॅक्टर घरघरत होता. ट्रॉलीत श्रावण कापूस पायाने दाबत होता. त्या हंगामात तो सदाशिवरावांकडेच ट्रॉली भरायच्या कामाला होता. गुडघ्यापर्यंत कापसात बुडालेला, केसांना कापूस, भुवयांना कापूस.

साधनाचा नंबर आला. मायलेकींनी गाठोडे उचलून काट्याजवळ आणले. कापूस ओला आहे का पाहायला सदाशिवरावांनी त्यात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात फोन होता.

"हे काय व? तुह्या कापसात तं सरकी लय मोठी निंघाली."

बाया हसल्या. ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हरही हसला.

"वजन वाढवाले मोबाईल घालता काय आता? कॉलेजात हेच शिकवते काय, बाप्पा?"

"चुकून गेला जी," साधना म्हणाली. तिचे कान तापले होते. "ओटी खाली करतानी गेला."

"चुकून फोनच जाते. दगड नाही जात, ढेकूळ नाही जात." सदाशिवरावांनी फोन तळहातावर फिरवून पाहिला. त्यांना नवीन गोष्ट हातात आली की वाचायची सवय होती. "आन् हे पाह्य. तीन मिस कॉल हायेत तुले."

प्रभावतीच्या हातातून गाठोड्याचे टोक सुटले. कापूस रस्त्याच्या मातीत पसरला. ती तो गोळा करायला वाकली नाही.

"कोनाचे?"

"पुन्याचा नंबर दिसते. काहून?"

"एकेकदा वाजून बंद झाला, का वाजत राह्यला?"

सदाशिवरावांना ते समजले नाही. त्यांनी बायांकडे पाहिले. साधनाने फोन त्यांच्या हातातून घेतला.

"पुरा वाजला असंन, आई," ती म्हणाली. "कंपनीवाले मिस कॉल नाही देत."

"तीनदा?"

"तीनदा."

प्रभावती मुलीकडे पाहत होती. मग तिने दुपट्ट्याने तोंड पुसले. "लाव," ती म्हणाली.

"आता तेईची सुटी झाली असंन."

"लाव म्हनतो ना मी. कोनी तिकडून लावून राह्यला, लावून राह्यला, आन् आपन..." तिने मुलीच्या हातातल्या फोनकडे बोट केले. "त्या दिवशीबी वाजला होता."

ट्रॉलीत श्रावणचे पाय थांबले.

"वाजला होता," प्रभावती पुन्हा म्हणाली. आता ती मुलीशी बोलत नव्हती. "मी उचलला नाही. पैसे कटतीन म्हनून. हे उचलाले गेलती, तं हिले मारलं मी."

ट्रॅक्टर तेवढा घरघरत होता. हंसाबाई खाली बसली आणि मातीतला कापूस वेचून फडक्यावर टाकू लागली.

"मले मालूम हाय," ती वर न पाहता म्हणाली. "भितीले भीत लागून हाय आपली. सारं ऐकू येते." तिने एका गुच्छावरची माती फुंकली. "लाव व पोरी फोन."

कांताबाई दुसऱ्या बाजूने वेचू लागली. साधनाने नंबर दाबला. सदाशिवराव काट्याला हात लावून उभे होते. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहून हाताने खूण केली, आणि ट्रॅक्टर बंद झाला. एकदम सगळे शेत ऐकू येऊ लागले.

पलीकडून एका माणसाने उचलला.

"सर, मी साधना. आपले फोन आले होते. मला उचलता आले नाहीत. मी शेतात होते." तिने हे सांगायचे ठरवले नव्हते. मॅडमनी शिकवले होते ते वाक्य वेगळे होते.

"आता कुठे आहात?"

"शेतातच आहे, सर."

"मी निघतच होतो. बोलता येईल आता?"

साधनाने सभोवती पाहिले. आई. मातीत बसलेल्या दोन बाया. काट्यापाशी मालक. वर ट्रॉलीत बाप, कापसासारखा पांढरा.

"हो, सर. येईल."

त्याने विचारले ते ती सांगत गेली. काही मराठीत, काही अडखळत इंग्रजीत. एका प्रश्नाला येत नाही म्हणाली. मग त्याने विचारले, तपासणीत चुकीचा आकडा आला आणि वरचा माणूस म्हणाला, बरोबर लिही आणि सही कर, तर काय कराल? साधना गप्प झाली. खुशीला वाटले फोन कटला. तिने तोंडावर हात ठेवला.

"थोडा विचार करून सांगते, सर," साधना म्हणाली. नंतर म्हणाली, "पुन्हा तपासीन. तरी तोच आला तर तोच लिहीन. आला ते आला. नाही आला असं नाही लिहिता येणार मला."

प्रभावतीने दुपट्ट्याचे टोक दातात धरले होते.

फोन संपला. काय झाले, कोणालाच कळले नाही. साधनालाही नाही. सदाशिवरावांनी गाठोडे काट्याला लावले, वजन सांगितले, आणि मातीचे काही कापले नाही.

घरी जाताना श्रावण मायलेकींच्या मागे राहिला. जेवताना त्याने भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमीच म्हनले होते, रेंज नसन. मी व्हय म्हनलं."

तो बराच वेळ इंद्रजितच्या फोटोखालच्या भिंतीकडे पाहत होता. मग पुरी भाकरी खाल्ली, पाणी प्याला आणि ओट्यावर जाऊन बसला. त्यानंतर कितीतरी दिवस तो घरात कामापुरतेच बोलला. पाणी दे. बैल कोनाचे गेले. दार लाव.

निवड झाल्याचे सुरभी मॅडमनी कळवले. नयनचे झाले नव्हते. तो पुढच्या रविवारीही वर्गात आला आणि फोन उचलण्याचा सराव करू लागला. साधनाला मॅडमनी पगाराच्या कागदावर काय पाहायचे, सुट्टी कशी मागायची, वरच्या माणसाला नाही कसे म्हणायचे ते समजावले. मग म्हणाल्या, "आता हे तुझ्या आईसाठी आहे," आणि अर्पिताचा नंबर दिला, खोलीच्या मालकिणीचा दिला, खालच्या किराणा दुकानाचा दिला, लॅबमधल्या एका बाईचा दिला. "दादाच्या वेळी तुमच्या घरच्यांना हे कोणी दिलं नव्हतं. चूक आमची, शिकवणाऱ्यांची होती. पोराला नोकरी लावली की आमचं काम झालं, असं आम्ही समजायचो."

श्रावणने ते सगळे आकडे चुलीच्या बाजूच्या भिंतीवर ऑइलपेंटने काढले. मोठे मोठे. त्याला तेवढेच लिहिता यायचे, आकडे.

जायच्या आधी एक दिवस तो कोणाला न सांगता पुसदला गेला. परत आला तेव्हा त्याने खिशातून एक वस्तू काढून प्रभावतीपुढे ठेवली. घरातला जुना बटनाचा फोन. तो इतकी वर्षे स्टीलच्या डब्यात, इंद्रजितच्या हातातल्या घड्याळाबरोबर पडून होता. त्याने नवीन बॅटरी टाकून आणली होती. सिमही नवीन होते.

"हाच ठेव," तो म्हणाला. "दुसरा नको घेऊ."

प्रभावतीने त्याला हात लावला नाही. श्रावणने आपल्या फोनवरून नंबर लावला. खोलीत तीच घंटी वाजली. तीच, दिवेलागणीची. साधना दाराला टेकली. प्रभावतीचा चेहरा राखेसारखा झाला.

"उचल," श्रावण म्हणाला.

घंटी वाजत होती.

"उचल, प्रभावती."

तिने उचलला. हिरवे बटन दाबून कानाला लावला. श्रावण समोरच बसला होता, हातभर अंतरावर. त्याने आपला फोन तोंडाजवळ नेला. दोघे तसेच फोन कानाला लावून एकमेकांचा श्वास ऐकत बसले.

साधनाने नंतर आईला फोन लावायला शिकवले. "हिरवं बटन दोनदा दाबायचं. शेवटी ज्याचा आला त्यालेच लागते."

"दोनदा."

"आन् मी मिस कॉल नाही देनार. कधीच नाही. वाजला का उचल."

साधना संध्याकाळी पुसदहून पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसली. निघताना ती 'येते' म्हणाली. प्रभावतीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वेचणी होती. शेवटचीच. बोंडे बारीक होती, कवडीचा, डागी कापूस जास्त. प्रभावतीने फोन ओटीत ठेवला नाही. दुपट्ट्यात, कानाच्या वर बांधला होता. बाया कमी बोलत होत्या. ऊन वर आले तरी फोन आला नव्हता.

मग तो वाजला.

एकदा वाजला आणि बंद झाला.

सगळ्या पाती थांबल्या. प्रभावती उभी राहिली. हात बोंडावरच होता. मान एका बाजूला झाली होती, रोजच्यासारखी.

"वाजला काय व?" तिचा आवाज अगदी लहान आला.

हंसाबाई कमरेला हात देऊन उभी राहिली. तिने प्रभावतीच्या तोंडाकडे पाहिले.

"वाजला," ती म्हणाली. "वाजला व, प्रभावती. लाव."

प्रभावतीने दुपट्टा सोडला. हिरवे बटन दोनदा दाबले. एक बाई काहीतरी बोलली आणि गप्प झाली.

"कोन हाय थे?"

"कंपनीची बाई हाय," कांताबाई म्हणाली. "रेंज नसली का थे बोलते. तिचं काम नाही मनावर घेऊ. पुन्हा लाव."

पुन्हा लावला. या वेळी बाई बोलली नाही. आत दूर कुठेतरी घंटी होऊ लागली. होत होती, थांबत होती, होत होती. कोणी उचलत नव्हते. प्रभावती ऐकत उभी होती. फोन लावणाऱ्याच्या कानात तो असा वाजतो, हे तिला माहीत नव्हते. तो इकडच्या घंटीसारखा नसतो. हळू असतो, सावकाश असतो, आणि प्रत्येक दोन घंट्यांच्या मध्ये वाटते की आता उचलला. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती आणि कोणाला, ते हंसाबाईलाही ऐकू आले नाही.

"आई?"

प्रभावतीने फोन कानावर आणखी दाबला.

"आई, रेंज गेलती. बसमधून लावला मी, मधातच कटला. आता उतरली. अर्पिताताई आली घ्यायले. तू कायले घाबरली? आई?"

"बोल," प्रभावती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीबी बोल. कटू दे पैसे."

"आता नाही कटत व आई पैसे."

"तरीबी बोल."

साधना बोलू लागली. बसमध्ये शेजारी कोण होते, रस्त्यात कुठे चहा प्याला, अर्पिताताईने कसला ड्रेस घातला आहे. प्रभावतीने फोन कानावर धरून वरून दुपट्टा गच्च बांधला. दोन्ही हात मोकळे झाले. पण ती वाकली नाही. डोळे मिटून पऱ्हाटीत उभीच राहिली.

हंसाबाईने थोडा वेळ वाट पाहिली. मग आपली पात सोडून तिने प्रभावतीची पात धरली.